गरम पाणी आणि राहिलेला पूर्वपक्ष

मास्तर, माझा चहा बंद झाला आहे. ही बातमी मी नीट मांडी घालून, दुखवट्याला आलेल्या माणसाच्या सुरात तुम्हांला सांगतो आहे. पोटात जळजळ होते एवढं एक वाक्य डॉक्टरसमोर बोललो, आणि त्या कालच्या पोरानं माझ्या जन्मभराच्या व्रताचा एका ओळीत निकाल लावला. माणसांची टिंगल करून पोट भरणाऱ्याचा चहा काढून घेणं म्हणजे न्हाव्याचा वस्तरा जप्त करून त्याला दुकान चालू ठेवायला सांगणं. घरातले सगळे माझ्यासमोर बसून बशीतून भुरके मारतात आणि मला पेलाभर गरम पाणी मिळतं. आज सकाळी तो पेला तोंडाला लावला आणि पिंपरीचा तो अमेरिकन आठवला. त्याच्यामागून तुम्ही आलात, हातात खडू घेऊन.

औषधाचा कारखाना तेव्हा नवा होता. यंत्रं बसवायला आलेला हा उंच, उन्हानं खारकेच्या रंगाचा झालेला माणूस आमच्या खात्यात दाखल झाला. मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येतं म्हणून माझी नेमणूक त्याच्या दिमतीला. पहिल्याच दिवशी कँटीनच्या म्हाताऱ्यानं, चिखलीचा गडी तो, त्याच्यापुढं कप ठेवला. साहेबानं कपावर पंजा ठेवला. सगळं खातं थबकलं. कुणी पुढं केलेल्या कपावर पंजा ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

"का वो सायेब? इख न्हाई कालवलं त्यात," म्हातारा म्हणाला.

मी विचारलं, साहेबानं सांगितलं, मी मराठीत केलं: हा मॉर्मन आहे, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचा, त्यांच्यात चहा चालत नाही.

"आन् दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"तीही नाही."

म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली. "मंग सुट्टीच्या दिशी ह्यो करतो तरी काय?"

साहेबाला हे सांगितल्यावर तो इतका हसला की म्हाताऱ्याचा राग गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी गरम पाण्याचा वेगळा कप येऊ लागला.

हे तुम्हांला सांगितलं आणि तुमचे डोळे चमकले. चिंचवडच्या शाळेच्या पडवीत रविवारी दुपारी तुमचा वाद भरायचा. आम्ही शाळा सोडून कामाला लागलो तरी यायचो. तुमचा नियम एकच. ज्याच्यावर टीका करायची त्याची बाजू आधी मांडायची, आणि अशी मांडायची की त्यानं मान डोलावून म्हणावं, "हो, हेच माझं म्हणणं." तोवर तोंडातून टीकेचा शब्द काढायचा नाही. पूर्वपक्ष आधी. समोरच्यानं मान हलवली नाही तर खाली बसायचं. त्या पडवीत मी कितीतरी वेळा खाली बसलो. तरी तुमचा आवडता मीच होतो, हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेत होतो.

तुम्ही साहेबाला बोलावलंत. तो आला, बूट काढून सतरंजीवर बसला, आणि तुम्ही त्याच्या शेजारी, मराठीचं इंग्रजी त्याच्या कानात सांगायला. काकू, तुमच्या मंडळी, होत्या तेव्हा वादानंतर पडवीमागच्या तुमच्या खोलीतून चहा यायचा, आलं ठेचून घातलेला. त्या गेल्याला वर्ष झालं नव्हतं. आता तुम्हीच आत जाऊन काहीतरी गोड, तपकिरी करून आणत होता आणि आम्ही ते पीत होतो. साहेबासाठी तुम्ही काकूंच्या पितळी फुलपात्रातून गरम पाणी आणलंत.

मी तयारीनिशी गेलो होतो. पुण्याहून एक पुस्तक मिळवलं होतं, दुसऱ्या कुठल्याशा पंथाच्या पाद्र्यानं मॉर्मनांच्या विरोधात लिहिलेलं. त्यातून मी साहेबाचा पूर्वपक्ष मांडला. म्हणालो, यांच्या संस्थापकाला देवदूतानं धर्मग्रंथ कोरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यानं त्यांचं भाषांतर केलं, आणि मग देवदूत पत्रे परत घेऊन गेला. म्हणजे आमच्या गोदामाच्या कारकुनासारखंच, सही करा, माल परत ठेवा. पडवी हसली. साहेबानं मान हलवली आणि मी सुटलो. मेलेल्यांच्या नावानं जिवंत माणसाला पाण्यात बुचकळून बाप्तिस्मा देतात, मेलेल्याला विचारलंय कुणी? पूर्वी एकेकाला चार-चार बायका होत्या. आणि आता म्हणे, यांच्या मंदिरात लागलेलं लग्न मेल्यावरही सुटत नाही. आपल्याला सात जन्मांची शिक्षा, यांना तर जन्मठेपेनंतरही जामीन नाही!

त्या वाक्याला पडवी कोसळली. तुम्ही मात्र साहेबाला इंग्रजीत सांगता सांगता मध्येच थांबलात. साहेबानं तुम्हांला विचारलं, का हसले? तुम्ही म्हणालात, "ते आमचं आमचं आहे."

मग साहेब बोलला, सावकाश, आणि तुम्ही त्याचा शब्द न् शब्द मराठीत आणलात. पत्रे पाहिल्याची साक्ष काही जणांनी दिली होती, त्यांतले काही पुढे संस्थापकाशी भांडून पंथ सोडून गेले, पण साक्ष कुणी मागे घेतली नाही; ती साक्ष किती धरायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. मेलेल्याला आम्ही ओढत नाही, फक्त दार उघडून ठेवतो, आत यायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. बायकांबद्दल म्हणाला, ती चाल दोन पिढ्यांपूर्वी बंद झाली, आज कुणी केली तर त्याला पंथाबाहेर काढतात. "पण माझी पणजी तिसरी बायको होती. ती सगळी चूकच होती असं म्हणालो, तर तिला मी काय म्हणू?" पडवीत कुणी हसलं नाही.

शेवटी मी हळूच विचारलं, तुमच्यात काळ्या माणसाला पुरोहितपण देत नाहीत, हे खरं? त्यानं हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. म्हणाला, "खरं आहे. आणि मला ते खुपतं." पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी तो नियम बदलल्याचं वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा मला त्याचा तो चेहरा आठवला.

त्या दिवशी पवनेच्या घाटापर्यंत आपण दोघं चालत गेलो. तुम्ही म्हणालात, "शेवटचा प्रश्न तेवढा खरा होता. मग आवाज का उतरला तुझा?" आमच्या खात्यात पाण्याचे दोन माठ होते, आणि कुणी कुठल्या माठाला हात लावायचा ते सगळ्यांना न सांगता कळत होतं. तुम्हीही ते जाणून होता. मग तुम्ही म्हणालात, "बाकीचा पूर्वपक्ष नव्हता, नक्कल होती. त्यानं मान हलवली ती पाहुणा म्हणून. तुझा पूर्वपक्ष बाकी आहे. तो मांडशील तेव्हा बोलायला उभा राहा."

"पुढच्या रविवारी मांडतो की," मी म्हणालो.

मांडला नाही. साहेब काम संपवून मायदेशी गेला. मी रविवारी येत राहिलो, मागे भिंतीला टेकून बसत राहिलो. तुम्ही मला उभं केलं नाहीत आणि मी उभा राहिलो नाही. मग एका दिवाळीआधी तुम्हीच गेलात. पुढे मी त्याच तोंडाच्या जोरावर नाव कमावलं, मास्तर. पूर्वपक्षाशिवाय टीका करण्याला बाहेर विनोद म्हणतात आणि तो छापतात.

आज चहा नाही, तेव्हा वेळ आहे. उभा राहून, साहेबाच्या तोंडून मांडतो.

माझं म्हणणं असं की, देव बोलायचा थांबलेला नाही. तो जुन्या ग्रंथांपुरता संपला असं मानणं हाच त्याच्यावर अविश्वास. शरीर त्यानं सांभाळायला दिलंय, म्हणून चहा-तंबाखू सोडणं ही मला शिक्षा वाटत नाही, रोज त्याची आठवण राहते. माझे पूर्वज चुकले असतील, तरी ते माझे आहेत. मेलेले संपत नाहीत. त्यांच्यासाठी इथून काही करता येतं, जसं तुम्ही पान वाढून कावळ्याची वाट बघता. आणि ज्या बाईबरोबर मी संसार केला, तिचा माझा संबंध चितेपाशी किंवा खड्ड्यापाशी तुटतो, हे मी मानत नाही. तुम्ही हसा. पण मी मानत नाही.

एवढंच. यातलं मला किती पटतं ते विचारू नका, तो उत्तरपक्ष झाला. साहेब असता तर त्यानं मान हलवली असती असं वाटतं, या वेळी पाहुणा म्हणून नव्हे. देवावर माझा अजून विश्वास नाही, तरी मेलेल्या माणसापुढे उभं राहून मी बोलतो आहे, हे ऐकून तो म्हाताऱ्याच्या प्रश्नावर हसला होता तसाच हसला असता.

पत्ता नाही म्हणून हे पत्र मी चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो आहे. पेल्यातलं पाणी निवलं, तेही पिऊन टाकलं. एक राहिलं. जन्मठेपेच्या त्या वाक्याला तुम्ही का थांबलात, ते मला घाटावर नव्हे, पडवीतच कळलं होतं. वाक्य तोंडात होतं तेव्हाच काकूंचं फुलपात्र मला दिसलं होतं. तरी मी बोललो, कारण हशा येणार हे मला माहीत होतं.