पुसून काढलेली पाकळी

अल हैल,
३ फेब्रुवारी २०१६

चि. सौ. प्रणाली हिस,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. उद्या पंपांच्या तपासणीसाठी हे सहमला येत आहेत. त्यांच्या हाती देत आहे. उत्तरही लेखीच हवे.

मी जिथे परीक्षक आहे त्या प्रदर्शनासाठी तुझ्या शेजारच्या शहनाजने पाठवलेली ताटली मिळाली. तिच्यावर गुलाब आहेत. ते सुंदर आहेत, आणि नेमकी हीच माझी तक्रार आहे. सहा महिने ती दर शनिवारी माझ्या वर्गात बसते. तिच्या हाताला वळण नाही, कुंचला थरथरतो, देठ तारेसारखे येतात. असे असताना या ताटलीवरच्या प्रत्येक पाकळीत गडद रंग ओला असतानाच तो एका फटकाऱ्यात पुसून उजेड काढला आहे. हे काम सहा महिन्यांचे नव्हे.

माझा प्रबंध तुला कंटाळवाणा वाटतो हे मी जाणते, तरी त्याचे तिसरे प्रकरण आठव. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बायका फ्रान्सहून आलेली कोरी पांढरी चिनी मातीची ताटे विकत घेत, घरी रंगवत आणि ज्या शिक्षिकेकडे भट्टी असेल तिच्याकडे भाजायला नेऊन देत. भट्टीत घालण्याआधी एखादी शिक्षिका हळूच आपला हात फिरवी. ताट घरी परते ते जाताना होते त्याहून देखणे होऊन. पाठीवर सही मात्र विद्यार्थिनीचीच. अशी किती बक्षिसे दिवाणखान्यांत मिरवली असतील, कोणी सांगावे.

जूनमध्ये ह्यांचा आखातातला करार संपतो आणि आम्ही नागपूरला परततो. आपल्या शिक्षिका मिसेस हॉलिस ओहायोला गेल्या तेव्हा त्यांनी आपली भट्टी माझ्या स्वाधीन केली होती. मी ती ज्या हाती देईन, तो हात अस्सल असला पाहिजे. शहनाजला ती हवी आहे. सहममध्ये स्वतःचा वर्ग काढायचा आहे. म्हणून स्पष्ट विचारते, या पाकळ्या कोणाच्या? मिसेस हॉलिसकडे चार महिने शिकलेली सहममधली एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, आणि मी तिलाच हे पत्र लिहीत आहे.

प्रकृतीस जप. लोभ असू दे, आणि त्याबरोबर खरेपणाही.

तुझी ताई,
लीलावती


सहम,
१० फेब्रुवारी २०१६

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

भाऊजींनी पत्र दिले, चहा घेतला आणि उत्तर लिहून होईपर्यंत बसू का, असे समन्स घेऊन आल्यासारखे विचारले. मी त्यांना पुढच्या गुरुवारची तारीख दिली.

ताई, २००९ नंतर मी ब्रश हातात धरलेला नाही. शहनाजने ती ताटली माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवली, कारण तिच्या घरी दापोलीचे पाहुणे उतरले होते. मी समोर भेंडी चिरत होते. त्या ताटलीत माझा वाटा एवढाच, आणि भेंडीही जरा चिकटच झाली.

तुझा संशय तिच्या कानावर घालावा लागला. तिचे मिस्टर कासमभाई म्हणाले, की त्यांच्या अर्बाबने, म्हणजे अरब मालकानेही, दुकानात इतकी उलटतपासणी कधी केली नाही. खलास, नको ती भट्टी. त्यावर शहनाज त्यांच्यावरच चिडली. मॅडमनी बोलावले तर येऊन डोळ्यांदेखत रंगवीन, इन्शाल्ला, असे म्हणते आहे. तू तिला बोलाव. फक्त एक कर. साहित्य मांडून दे आणि दुसऱ्या खोलीत जा. समोर बसू नकोस. कारण विचारू नकोस, असे लिहिणार होते. पण तू विचारशीलच, आणि मी सांगणार नाही. तिने मला शपथ घातली आहे.

भाऊजींच्या हाती सुकट पाठवते आहे. ती भिंगाखाली न घालता खावी, ही विनंती. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
प्रणाली


अल हैल,
१७ फेब्रुवारी २०१६

चि. सौ. प्रणाली हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी अट मी पाळली नाही. परीक्षकाने उठून जायचे, तर परीक्षा कशाला?

शनिवारी कासमभाई शहनाजला दोन तास गाडी चालवून घेऊन आले. मी तिच्यासमोर बसले. तिने पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर गुलाब काढायला घेतला आणि पहिल्याच पाकळीला रंग ओघळला. दुसरीही तशीच. मग तिने सगळे फडक्याने पुसून टाकले, चहा घेतला, सलाम केला आणि गेली. माझ्या मते निकाल लागला होता.

तरी पुरावा असावा म्हणून मी तिची ताटली भिंगाखाली पाहिली. उजव्या हाताने रंग पुसला, की त्याची बारीक कड पाकळीच्या एका अंगाला साचते. येथे प्रत्येक पाकळीत ती उलट्या अंगाला आहे. ही ताटली डावखुऱ्या हाताची आहे. शहनाज उजव्या हाताने रंगवते. शनिवारी हातभर अंतरावरून पाहिले. जन्माने डावखुरी कोण, हे तुला सांगायला नको.

ताडून पाहावे म्हणून मी माझी ताटली भिंतीवरून उतरवली. २००९ च्या पहिल्या बक्षिसाची. तिच्यावर अडतीस पाकळ्या आहेत. सदतीस माझ्या आहेत. डावीकडच्या मोठ्या गुलाबाची एक, परीक्षकांनी बोट ठेवून जिचे कौतुक केले ती, डाव्या हाताने पुसलेली आहे.

सात वर्षे मी तिला माझी समजत आले. आता मला एक नव्हे, दोन उत्तरे हवीत. तोवर लोभाविषयी काही लिहीत नाही.

लीलावती


सहम,
२४ फेब्रुवारी २०१६

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पहिले उत्तर. तुला ताप होता आणि तू मला ती ताटली भाजायला घेऊन मिसेस हॉलिसकडे पाठवलेस. गाडीतून उतरताना माझी ओढणी त्या पाकळीला घासली. मी दारातच रडू लागले. मिसेस हॉलिसनी रंग कालवून दिला आणि म्हणाल्या, की बिघडवलेस तू, तर नीटही तूच कर. हात कोणताही चालेल. मी डावा वापरला. तू बरी झाल्यावर सांगणार होते. पण भट्टीतून ताटली आली आणि तू आल्यागेल्याला नेमकी तीच पाकळी दाखवू लागलीस. बक्षीस मिळाले तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. पुन्हा ब्रश धरला असता, तर तू ओळखले असतेस.

दुसरे उत्तर. शहनाज डावखुरी आहे. पहिल्या शनिवारी तिने डाव्या हातात ब्रश घेतला. तू तो काढून उजव्या हातात दिलास आणि म्हणालीस, की माझ्या वर्गात तो असा धरतात. तिच्या घरी वडीलधाऱ्यांपुढे डावा हात पुढे करत नाहीत. तिला वाटले, मॅडमचा मानही तसाच राखायचा. सहा महिने तिने तो राखला, आणि त्या शनिवारी तू समोर बसलीस म्हणून तेव्हाही राखला. हे कळले तर तुला अपमान वाटेल, अशी तिला भीती होती. शपथ मी आज मोडली.

माझ्या टेबलावर मात्र तिने न विचारता ब्रश डाव्या हातात घेतला. मी भेंडी चिरत राहिले, ताई. मला पाटी आठवली. तू फूटपट्टी घेऊन शेजारी बसायचीस. दोन महिन्यांत हिला वळण लावते, असे तू आईला सांगितले होतेस, आणि लावलेसही. हे पत्र मी उजव्या हातानेच लिहिते आहे.

रागावलीस तरी चालेल, तुटू नकोस.

प्रणाली


अल हैल,
२ मार्च २०१६

चि. सौ. प्रणाली हिस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मजकुरात एकही सापडली नाही.

गेल्या शनिवारी शहनाजला पुन्हा बोलावले. या वेळी समोर न बसता तिच्या शेजारी बसले, माझा कुंचला डाव्या हातात घेतला आणि एक देठ काढला. तो तारेसारखा आला. ती हसली नाही. तिच्या जागी मी असते तर हसले असते. मग तिने आपला कुंचला हात बदलून धरला. त्यानंतर जे झाले ते पाहायला दोन खुर्च्या कमी पडल्या. हे आणि कासमभाई आतून येऊन उभे राहिले.

प्रदर्शनात मी परीक्षक असणार नाही. तसे कळवले आहे. प्रबंधाचे तिसरे प्रकरण मात्र तसेच राहील. ते चुकीचे नव्हते, फक्त मी त्यात स्वतःला धरले नव्हते.

पुढच्या गुरुवारी कासमभाई पिकअप घेऊन भट्टी न्यायला येतील. तिच्यासोबत टॉवेलमध्ये गुंडाळून माझी ताटली पाठवत आहे. पाठीवर फ्रेंच कारखान्याची खूण आहे, तिच्याखाली सोनेरी अक्षरांत माझे नाव, आणि त्याखाली तुझ्या नावापुरती जागा आहे. सोन्याच्या रंगाची बाटलीही दिली आहे. झाकण घट्ट लाव, ते लगेच सुकते. शहनाजला सांग, पहिल्या भाजणीला हीच घालावी.

नाव कोणत्या हाताने लिहायचे ते तू ठरव. मी भिंग लावणार नाही. ओळ मात्र सरळ यावी.

या वेळी लोभ मी मागत आहे.

तुझी ताई,
लीलावती