डावं इंजिन का अडखळलं

१४ नोव्हेंबर

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमची पाठ कशी आहे? उशी बदललीत, की अजून त्याच दगडावर डोकं ठेवून झोपताय? स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. शेजारच्या वहिनींना मुलगी झाली. ती रात्रभर घर डोक्यावर घेते, तेव्हा तुमच्या घोरण्याची आठवण येते.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्हीच बोलता हो, मी नुसती "हं, हं" करत राहते. आज मला माझं बोलणं पुरं करायचंय.

तुमचा परवाचा फोन डोक्यातून जात नाहीये. बोट विकत घ्यायची म्हणून बघायला आलेल्या गृहस्थांनी तुम्हाला कळवलं की डावं इंजिन लंगडतं, धूर ओकतं. मिस्त्रींनी आपल्याला गंडवलं, असा निकाल तुम्ही लगेच देऊन टाकलात. बोटींच्या यार्डाच्या मालकाला कळवून त्यांना कामावरून काढायला लावणार म्हणालात. कळवू नका. आधी हे वाचा.

सासूबाई गेल्या, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता बोट विकून टाक आणि इकडे ये. नुसती विकली तर भंगारात जाईल, इंजिनं चालू करून घे, मिस्त्रीवर लक्ष ठेव. हा पांढरा हत्ती तुम्ही हौसेनं घेतलात, दोनदा फिरवलात आणि नोकरीसाठी त्या शहरात गेलात ते वर ताडपत्री टाकून. ती ताडपत्री मी काढली. गाद्यांना बुरशी, सुकाणूच्या चाकामागे पाखरांचं घरटं, इंजिनाच्या खोलीत गुडघाभर काळं पाणी. उजवं इंजिन कुरकुरत का होईना, फिरत होतं. डावं मात्र पार जाम.

मी आपली पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसायचे, लक्ष ठेवायला. मिस्त्री एकेका शब्दाची काटकसर करणारा माणूस. त्यांनी जाम सिलिंडरांत डिझेल आणि तेल ओतलं आणि म्हणाले, भिजू द्या. तुम्ही तिकडून उंटावरून शेळ्या हाकत होतात, हातोडा मारायला सांग म्हणून. त्यांनी हातोड्याला हात लावला नाही. रोज सकाळी लांब दांडा लावून हलकेच जोर देऊन बघायचे. एके दिवशी दांडा बोटभर सरकला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि पर्स बाजूला ठेवायला सांगितली.

तेव्हापासून मी काम करते. व्हॉल्व्ह फट न राहता बसावेत म्हणून मी घासलेत. काठी दोन तळहातांत फिरवत घासायचं, मग वर रॉकेल ओतून बघायचं, थेंब झिरपला की पुन्हा घासायचं. तळव्यांना फोड आले. पिस्टनच्या रिंगा बसवताना दोन मोडल्या, त्याबद्दल बोलणी खाल्ली. नव्या बेअरिंगा, नवे गॅस्केट, केबिनचा रंग, सगळ्याला माझा हात लागलाय. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असतात. नाही म्हणू नका, मी ओळखते तुम्हाला.

आता मुद्द्याचं. लिहायला बसल्यापासून टाळतेय.

प्रत्येक सिलिंडरला डिझेल नेणारी बारीक नळी असते, ती नटानं आवळलेली असते. इंजिन चालू असताना एकेक नट जरासा ढिला करून बघायचा. आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर मुळातच काम करत नाही असं समजायचं. दुखणं शोधायची ही युक्ती मला मिस्त्रींनी शिकवली. ते गृहस्थ यायच्या आधी मिस्त्री चहाला गेले, तेव्हा मी खाली उतरले, धडधाकट झालेल्या डाव्या इंजिनाचा एक नट ढिला केला, गळणारं डिझेल टिपायला खाली चिंधी कोंबली आणि हात पुसून वर येऊन उभी राहिले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. धूर झाला, डेक थरथरलं, ते नाकाला रुमाल लावून उतरले. जाताना मिस्त्रींना तोंडावर भोंदू म्हणाले. मिस्त्रींनी वाकून एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी गप्प बसले आणि त्याची मला फार लाज वाटते.

सगळे गेल्यावर त्यांनी पाना माझ्यापुढे धरला. म्हणाले, "नट आवळा. का सोडलात ते घरी सांगा, मला नको."

तर घरी सांगते. मला तिकडे यायचं नाही.

लग्न झाल्यापासून तुमची बदली झाली की मी चंबूगबाळं आवरायचं, असंच चालत आलंय; येतेस का, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही वाईट वागलात असं नाही. मीही कधी तोंड उघडलं नाही, उगाच वाद नको म्हणून. सासूबाईंचं करायला मागे राहिले तेव्हा लोकांनी माझी कीव केली. थकले होते, ते खरंच. पण डावं इंजिन सुरू झालं त्या सकाळी तो आवाज तळपायांतून वर चढला आणि मी ढसाढसा रडले. मिस्त्रींना वाटलं, डोळ्यांत धूर गेला.

येत्या रविवारी त्या गृहस्थांना मी पुन्हा बोलावलंय. त्यांच्यासमोर मिस्त्रींची माफी मागणार आहे, काय केलं ते सांगून. मग दोन्ही इंजिनं चालवून दाखवीन. सुरेख चालतात, बघतच राहतील. त्यांनी घ्यायची म्हटली तर बोट तुमच्या नावावर आहे, तुम्ही ठरवा. मी आडवी येणार नाही, पण मला फार वाईट वाटेल. आणि बोट गेली तरी मी इथंच राहीन. यार्डातल्या पुढच्या कामाला मिस्त्रींनी मला विचारलंय, मी हो म्हटलंय.

तुम्हाला सोडून दिलं असं मनातही आणू नका. संध्याकाळी ग्रीसचे हात धुताना तुमची आठवण येते, तुम्ही जवळ हवे असता. हेही कधी बोलले नव्हते.

तुमची नोकरी, तुमचं घर, तुमची माणसं, सगळं तिकडे आहे, मला कळतं. तरी विचारते. इकडे राहायला याल का?

बघा, एवढंच विचारायचं असतं.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची बायको