पंचांगातल्या कृत्तिका

राजाजीनगर, बेंगळुरू

प्रिय रूपश्री,

फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का, झोपलीस का’ याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे काय, ते विचारू नकोस. शुभंकरच्या वर्षश्राद्धाला तू आलीस आणि निपाणीला परत गेलीस, त्याच आठवड्यात मी तुम्हा नवराबायकोच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमधून आणलेली त्याची खोकी उघडली. रडू येणार म्हणून पदर हातात धरूनच बसले होते. नाही आलं. पोटचा मुलगा गेला आणि आईला वर्षभर रडू नाही, काय म्हणावं याला? गॅसवरचं सारू उतू जातं, ते दिसत असतं, तरी मी नुसती बघत उभी राहते.

खोक्यात त्याची दुर्बीण, कॅमेरा आणि लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये ‘रूपाच्या कृत्तिका’ नावाचा फोल्डर. तुझं जन्मनक्षत्र म्हणून तो तुझ्यासाठी कृत्तिकांचा फोटो काढत होता, तो अर्धाच राहिला. असा एक फोटो म्हणे शेकडो फोटो एकावर एक रचून होतो. मी यांना म्हटलं, उरलेले आपण काढू आणि पुरा फोटो रूपाला पाठवू. हे ‘सरी’ म्हणाले, बरं म्हणून मोकळे. हल्ली हे कशालाही सरीच म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण संध्याकाळ कुठेतरी घालवायची होतीच.

त्याचा मित्र प्रवीणकुमार फोनवरून शिकवायचा. नवे फोटो जुन्यांवर नीट बसायचे तर दुर्बीण अगदी त्याच जागी रोखली पाहिजे. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. ते फोटोतल्या ताऱ्यांची ठेवण आपल्याकडच्या नकाशाशी ताडून बघतं आणि दुर्बीण आकाशात नेमकी कुठे बघतेय ते सांगतं. प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात त्याला. देवापाशी दिवा लावला की आम्ही दोघं गच्चीवर. पाण्याच्या टाकीआड मी लॅपटॉप घेऊन बसायची आणि हे टॉर्च धरायचे. आणि ते सॉफ्टवेअर रोज लाल अक्षरांत सांगायचं, सापडलं नाही.

काय काय केलं म्हणून सांगू! आधी तारे बुंदीएवढे दिसत होते, ते फोकस फिरवून मोहरीएवढे केले. शुभंकरनं दुर्बिणीला मागून एक छोटं भिंग जोडलं होतं, त्यानं किती मोठं दिसतं तो आकडा बदलतो म्हणे, तोही सॉफ्टवेअरमध्ये बदलला. ताऱ्यांचा नकाशा पुन्हा उतरवून घेतला. तरी आपलं तेच. वर मान केली की कृत्तिका डोक्यावर, पडद्यावरही कृत्तिका, आणि हे दीडशहाणं म्हणतं सापडलं नाही! एरवी मी लॅपटॉप आपटला असता. तुला माझा राग माहीत आहे. पण रागही आला नाही.

शेवटी प्रवीण रविवारी घरीच आला. त्या सॉफ्टवेअरला साधारण कुठे शोधायचं ते आधी सांगता येतं, आणि सांगितलं की ते तेवढ्याच टापूत शोधतं. तिथे भरलेले अंश कुठून आणले असं त्यानं विचारलं. हे शांतपणे म्हणाले, पंचांगातून. अगं, आपल्या घरात कृत्तिका म्हटलं की माणूस आणखी कुठे बघणार? वर्षभर त्यांनी पंचांगाला हात लावला नव्हता, तो त्या अंशांसाठी लावला होता. प्रवीण जो हसत सुटला! आपल्या पंचांगाची मोजणी जिथून सुरू होते, ती जागा आणि सॉफ्टवेअरची जागा यांत चोवीस अंशांचा फरक आहे म्हणे. म्हणजे ते बिचारं रोज भलत्याच ठिकाणी शोधत होतं, आम्हीच धाडलेलं. मग प्रवीण एकदम ओशाळला, सॉरी आंटी म्हणाला. मी म्हटलं, हास रे बाबा, या घरात कोणीतरी हसायला हवं.

त्यानं ते अंशच काढून टाकले आणि सॉफ्टवेअरला सगळं आकाश शोधायला सोडलं. स्वल्प वेळ लागलाच, पण सापडल्या. एकेका ताऱ्याशेजारी नाव उमटलं. हे बराच वेळ बघत राहिले. मी खाली जाऊन कुकर लावला.

पुढचे पंधरा-वीस दिवस, आभाळ मोकळं असेल तसे, फोटो घेतले. प्रवीणनं ते शुभंकरच्या फोटोंवर रचले. आता त्यातलं त्याचं कुठलं आणि माझं कुठलं, ते मलाही सांगता येत नाही.

आता खरं कशासाठी लिहितेय ते. वर्षश्राद्धाला आली होतीस तेव्हा तू फोन आला की मागच्या अंगणात जायचीस. मी विचारलं नाही. परवा तुझ्या आईनंच सांगितलं. हुबळीचे शिवकुमार चांगले आहेत, त्यांना सगळं माहीत आहे, तुलाही ते आवडतात, पण अत्तेंना, सासूला, काय वाटेल म्हणून तू लग्नाला नाही म्हणतेस. वेडी का खुळी गं तू? आम्ही दोघं आहोत तेवढ्याच टापूत तू आयुष्य शोधत बसलीस, तर मला ते सोसणार नाही. काल यांनी पंचांग पुन्हा काढलं. मला वाटलं, परत कृत्तिकाच. तर हे वैशाखातले मुहूर्त बघत होते. म्हणाले, तिला वडील नाहीत, कन्यादानाला पाटावर आपण दोघं बसू, ती हो म्हणाली तर. ते ऐकलं आणि मला रडू आलं, रूपा. चांगलं ओक्साबोक्शी. अजून थांबलेलं नाही, म्हणून फोटो वेगळ्या पाकिटात घातलाय.

तुझीच,
अत्ते