मनानाबाईंचं वेगळं मत

२६ ऑक्टोबर, शनि.

पाय गेले कामातून. निनोबरोबर लंडनला, तिच्या जॉर्जियाच्या निवडणुकीसाठी मतदानाच्या रांगेत साडेचार तास. मत तिचं, रांग दोघींची. नवऱ्याला, समीरला, सकाळपर्यंत ते अमेरिकेतलंच जॉर्जिया वाटत होतं. म्हटलं, अरे, रशियाच्या खालचं, पूर्वी सोव्हिएतमध्ये होतं ते.

नि. दोन वर्षं माझ्या टीममध्ये टेस्टर, बेसिंगस्टोकच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर. रांगेत पुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या. नि.ने त्यांचं बोलणं मला सांगितलं, "त्या म्हणतायत, कम्युनिस्टांच्या वेळी रांग नसायची. निकाल आदल्या दिवशीच ठरलेला."

नंतर नि.ने सहज विचारलं, "तुला इथे मत आहे?" आहे. भारतीय पासपोर्टवरही आहे, कॉमनवेल्थ म्हणून. "मग जुलैमध्ये इथल्या निवडणुकीत दिलंस?" सॉफ्टवेअरचं रिलीज होतं त्या आठवड्यात, असं काहीतरी पुटपुटले. ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिची आई, मनाना, तिकडे गावातल्या शाळेत गणित शिकवते. आज तिथल्याच मतदान केंद्रावर कमिटीत बसली आहे.

२७ ऑक्टो., रवि.

सत्ताधारी पक्ष जिंकल्याचं जाहीर. नि.चा फोन आला तेव्हा मी चकल्या पाडत होते. आवाजच ओळखू येईना.

तिच्या आईने निकालपत्रकावर सही केली, पण सोबत 'वेगळं मत' जोडलं. तसा नियम आहे त्यांच्यात, कमिटीतल्या कोणालाही हरकत लिहून देता येते. बाईंनी लिहिलं, बोटावरची शाई तपासली जात नव्हती, ओळखीची माणसं दुसऱ्यांदा आत आली, मी अडवलं तर मला खुर्चीवर बसायला सांगितलं. दीड पान. नि.ला फोटो पाठवलाय. गोल, ठळक अक्षर. फळ्यावर लिहायची सवय असलेल्यांचं असतं तसं.

शिक्षिका, म्हणून मी मनात त्यांना मनानाबाईच म्हणते.

२९ ऑक्टो., मंगळ.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं होतं. चहा दिला. एक कागद पुढे केला, टाइप केलेला: 'थकव्यामुळे माझा गैरसमज झाला, हरकत मागे घेते.' फक्त सही हवी. नाही केली तर वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल, म्हणाले. वाईट वाटतं असंही म्हणाले.

नि.चा भाऊ लेवान नगरपालिकेत नोकरीला. त्याच्या साहेबांनीही विचारलं, "तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना?" एवढंच. लेवानने नि.ला फोन केला. आई तुझं ऐकते, तू सांग तिला सही करायला.

नि. ऑफिसच्या किचनेटमध्ये माझ्यासमोर उभी. "तू काय सांगितलं असतंस तुझ्या आईला?"

मी म्हणाले, कर म्हणाले असते. त्या एकसष्ट वर्षांच्या. एका कागदाने सरकार बदलणार नाही. मुलाची नोकरी आहे. पटकन म्हणाले. फार पटकन.

ती मान हलवून गेली.

३० ऑक्टो., बुध.

काल जे बोलले त्यात चूक काय? स.ला विचारलं. तो म्हणाला, "बरोबरच आहे तुझं. आणि तू यात पडू नकोस, आपलेही व्हिसाचे कागद सध्या सरकारकडे आहेत." व्हिसाचा आणि याचा काय संबंध? नाहीच काही. तरी मीही तोच विचार केला होता आधी.

२ नोव्हें., पाडवा.

बाबांना नागपूरला फोन. फराळ, गुडघे, तिकडच्या निवडणुकीचे भोंगे. बाबा शिक्षक असताना कितीतरी निवडणुकांना ड्युटीवर जायचे, म्हणून मनानाबाईंचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, ताठ माणूस, त्या बाईंचं कौतुक करतील.

त्यांनी तिकडचा टीव्ही बंद केला. मग, "माधुरी, स्पीकर बंद कर."

गाव नाही सांगितलं. बाबा केंद्राध्यक्ष होते, मतपत्रिकांचा काळ. दुपारी चार माणसं आली. म्हणाली, मास्तर, बायका काही येत नाहीत आता, त्यांची आम्ही टाकतो. शिपाई बाहेर बिडी ओढायला गेला तो आलाच नाही. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मागे शिक्के पडत होते, ते ऐकत. संध्याकाळी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत लिहिलं, 'मतदान शांततेत पार पडले.' खाली सही.

"तू आठ महिन्यांची होतीस. तुझ्या आईलाही बोललो नाही कधी."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"त्या बाईंना सही करा म्हणून सांगू नकोस," म्हणाले. "करू नका असंही सांगू नकोस. आपण कोण?"

बाबांचा राग नाही आलेला. दुसरंच काहीतरी आलंय.

४ नोव्हें., सोम.

लंचला नि.ला गाठलं. म्हटलं, मंगळवारी मी बोलले ते सोड, आईला काही सांगू नकोस.

उशीर झाला. तिने बुधवारीच फोन केला होता. माझेच शब्द, जवळजवळ जसेच्या तसे: एका कागदाने सरकार बदलणार नाही. आई म्हणाली, "निनो, तुझ्या आवाजात मुख्याध्यापक बोलतोय." फोन ठेवला. त्यानंतर उचललाच नाही. पाच दिवस.

बाबांची गोष्ट सांगितली. शरम वाटली सांगताना, त्यांचीही, माझीही. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते सुखात राहिले पुढे?"

खोटं बोलवेना. "हो. चांगलं गेलं त्यांचं आयुष्य. निवृत्तीच्या वेळी शाळेने सत्कार केला."

नि. हसली, पण कसंतरीच. सँडविच तसंच टाकून उठली.

५ नोव्हें., मंगळ.

शुक्रवारी तिकडे कोर्टात निवडणुकीच्या निकालाविरुद्धच्या केसची सुनावणी. बाईंचं वेगळं मत पुरावा म्हणून लागलंय, त्यांना साक्षीला बोलावलंय. नि.ला जायचंय. आई फोन घेत नाही, तर दारात जाऊन उभी राहते म्हणाली. "सही कर किंवा करू नको, मी नुसती शेजारी बसेन."

शुक्रवारी आमचं रिलीज. रजा मी मंजूर करायची. वरच्या साहेबांनी विचारलं, थांबवता येणार नाही का? मी म्हटलं, नाही. कारण? म्हटलं, तिची आई कोर्टात साक्ष देतेय, निवडणुकीच्या केसमध्ये. स्क्रीनवर त्यांनी हेडफोन नीट बसवला. "पोलिटिकल आहे का हे?" "तिची आई आहे," म्हटलं. तिचं टेस्टिंग मी करीन.

मंजूर केली. बटण दाबायच्या आधी दोनदा खुर्चीतून उठले. एका रजेसाठी.

६ नोव्हें., बुध.

नि. सकाळच्या विमानाने गेली. एअरपोर्टवरून: 'परत येताना सीमेवर अडवलं तर व्हिसाचं काय होईल, माहीत नाही. भीती वाटतेय.' मी लिहिलं, मलाही. पाठवलं.

७ नोव्हें., गुरु.

पोचली. आईने दार उघडलं, बघितलं, म्हणाली, "जेवलीस का?" बाकी काही नाही. टाइप केलेला तो कागद फ्रिजवर मॅग्नेटने लावलाय. सहीची जागा कोरी. लेवान संध्याकाळी आला, मॅग्नेटमागे पेन खोचून गेला.

बाई काय करणार ते नि.ला माहीत नाही. विचारत नाहीये ती.

८ नोव्हें., शुक्र.

रिलीज चालू. फोन कीबोर्डशेजारी.

सकाळी नि.चा मेसेज: आईने निळा सूट घातला, दरवर्षी शाळेच्या शेवटच्या दिवशी घालते तो. फ्रिजवर कागद नाहीये. फाडला, की पर्समध्ये घातला, कळलं नाही.

बाराला: लेवान पण आलाय. मागच्या बाकावर.

पाऊण वाजता: न्यायाधीशांनी विचारलं, हे तुम्ही स्वतः लिहिलंत, की कोणी लिहायला लावलं? आई उभी राहिली. पर्स उघडली. तेवढ्यात बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

मी लिहिलं, मग?

'आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये. दार बंद आहे. आतून आईचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. वर्गात बोलते तसा मोठा आवाज आहे.'

इथे दीड. तिकडे साडेपाच. त्यानंतर मेसेज नाही.