लिफ्टच्या दारातून

गुरुवार, १४ तारीख
सकाळचे साडेदहा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तू बरी असशील. मीही बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मी तुझ्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर बसून लिहितेय. वॉचमनने इंटरकॉम लावला, तर माझं नाव ऐकून तू ठेवून दिलास. मोबाइल तू दोन वर्षं उचलत नाहीस. चारचौघांत माझं इंग्रजी सुधारलंस म्हणून मी तुला नको नको ते बोलले, मान्य आहे. पण आजच्या दिवस राग बाजूला ठेव आणि हे शेवटपर्यंत वाच. तोवर लिफ्टकडे फिरकू नकोस.

माझं काम तुला ठाऊक आहे. तपासनीस लिफ्ट बघून मराठीत टिपणं काढतात, मी त्यांचा इंग्रजी रिपोर्ट करते, साहेब न वाचता सही ठोकतात. गेल्या महिन्यात टिपण आलं, 'दोराचे पदर तुटलेत, लिफ्ट ताबडतोब बंद करा.' मी तसंच लिहिलं. हेडक्लार्क म्हणाले, "अहो बाई, हा रिपोर्ट आहे की आरडाओरडा? जरा शोभेलसं लिहा."

मला इंग्रजी शिकवताना तू लिहून दिलेली वही आठवली. 'नॉर्मल वेअर अँड टेअर.' पायरी झिजली, कडी गुळगुळीत झाली, वस्तू वापरून जुनी झाली की हे लिहायचं. मोडलेल्या वस्तूला कधीच नाही, असं तू बजावलं होतंस. आठवत होतं गं मला! तरी लिहिलं. पुढे 'बंद करा' शोभेना, म्हणून तेही गाळलं. हेडक्लार्क "वा!" म्हणाले आणि मी दिवसभर हवेत. तपासनीस त्याच आठवड्यात निवृत्त झाले, मग विचारणारं कुणी उरलंच नाही.

काल मामेभावाने तुझा नवा पत्ता सांगितला. आठवा मजला. आणि बिल्डिंग तीच, त्या रिपोर्टातली!

आता जे टाळत होते ते लिहिते. महिनाभर मी गाढ झोपले, ताई. तिथे माणसं राहतात हे मला माहीत नव्हतं का? पण तू राहतेस म्हटल्यावर भीती वाटली. लाज वाटते मला.

सकाळी साहेबांना सांगितलं. "सही झालीय, सोमवारी बघू." सोमवारी! तशीच धावत इथे आले. वॉचमनला म्हटलं, लिफ्ट बंद करा. त्याने भिंतीवरची फ्रेम दाखवली. "काकू, हा बघा रिपोर्ट. नॉर्मल लिहिलंय." माझाच कागद, काचेत घालून टांगलेला.

तेवढ्यात लिफ्ट खाली आली, एक बाई बाळाला घेऊन बाहेर पडली आणि वर काहीतरी कर्रकन वाजलं. मी वॉचमनची खुर्ची ओढून लिफ्टच्या दारात टाकली आणि तिच्यावर बसले. दार मिटत नाही, लिफ्ट हलत नाही. जिना चढणारे सगळे माझा उद्धार करतायत. वॉचमन सेक्रेटरींना आणायला गेलाय. दोघं मिळून मला उचलतील अशी धास्ती आहे. माझं वजन तुला माहीत आहे, थोडा वेळ लागेल म्हणा.

त्यांनी मला हलवलं की लिफ्ट सुरू होईल. मी ओरडून सांगतेय, पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? समोर माझाच रिपोर्ट आहे ना! वॉचमन जाताना म्हणाला, बिल्डिंगमध्ये तुमच्या ताईंचाच शब्द चालतो. तुझी शेजारीण जिन्याने वर येतेय, तिच्या हाती हे देते.

तू खाली ये. जिन्यानेच. गुडघा दुखेल, बसत बसत ये. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, चारचौघांत घाल. पण येताना तुझं लाल पेन आण आणि त्या वाक्यावर सगळ्यांसमोर काट मार.

तू दिसेपर्यंत मी उठत नाही.

तुझी,
दारात बसलेली धाकटी