मालकिणीचा पीळ

मी, सुलतानबी मीरासाब शिकलगार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्याने लिहीत नाही. मला कोणी दमदाटी केलेली नाही, आणि करायला आलाच तर पाना हाताशी आहे.

वकीलसाहेबांनी एक मसुदा टाईप करून दिला होता. तो मी परत पाठवला. दुसऱ्याने आवळलेला नट मी कधी तसाच सोडला नाही. ही माझी खोड आहे, आणि या खोडीपायीच हा कागद लिहावा लागत आहे. ज्याला घाई असेल त्याने कलम पाच आधी वाचावे. एका भल्या माणसाचे नाव मी नऊ वर्षांपूर्वी खराब केले. ते स्वच्छ केल्याशिवाय मला जायचे नाही.

कलम १. राहते घर व पोस्टातली ठेव मुलगा काशिफ आणि मुलगी नाजिया यांना आमच्या कायद्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या हिश्श्याने मिळावी. त्यात मी बोट घालत नाही. आमच्या कायद्यात वारस सोडून दुसऱ्याला एक तृतीयांशापर्यंत देता येते. दुकान, हत्यारे आणि सायकली तेवढ्यात बसतात, असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे. तेवढ्यापुरते मात्र माझेच चालेल.

कलम २. माझे पती मीरासाब यांचे माझ्यावर जे उपकार आहेत ते कोणाला वाटून देता येत नाहीत, म्हणून नुसते नोंदवते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी मला सायकल शिकवली. गल्लीतले लोक हसत होते. हे शांतपणे माझ्या सीटची उंची ठरवत बसले होते. त्यांची पद्धत अशी: सीटवर बसायचे, पायडल सगळ्यात खाली आणायचे आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही. मग कोपर सीटच्या टोकाला लावून हात पुढे करायचा. बोटे हँडलच्या आसपास पोचली पाहिजेत. "सायकल मान्साच्या मापाची करायची, मान्साला सायकलीच्या मापाचं करायचं न्हाय," असे ते म्हणायचे. संसारातही ते तसेच वागले. माझ्या तोंडाला धार फार, पण त्यांनी मला कधी ठोकून सरळ करायला बघितले नाही. ते १९९६ साली गेले. त्यांची आठवण आली नाही असा एक दिवस गेलेला नाही.

कलम ३. दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्याखाली एक निळी सायकल आहे. ती नात मेहक, नाजियाची मुलगी, हिला द्यावी. चौदा वर्षांची असताना ती सायकलवरून पडली आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला. तो हात अजून पूर्ण सरळ होत नाही. तेव्हापासून नाजियाने तिला सायकलीला शिवू दिलेले नाही, आणि आई म्हणून तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण मेहक आता तेवीस वर्षांची आहे, आणि दुकानात आली की हँडलवरून हात फिरवते हे मी बघते.

ही सायकल मी तिच्या हाताच्या मापाने लावली आहे. हँडल चार बोटे वर आणि तीन बोटे जवळ घेतले आहे, म्हणजे कोपर वाकलेलेच राहील आणि खांद्यावर जोर येणार नाही. मागच्या ब्रेकचा दांडा डाव्या हाताला घेतला आहे, कारण जास्त भरवशाचा हात तो आहे. मेहक, रोज निघण्याआधी टायर अंगठ्याने दाबून बघ. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडा आणि हँडल यांच्यात दोन बोटे जागा राहिली पाहिजे. आठवड्यातून एकदा चेन फडक्याने पुसून थेंब थेंब तेल सोड आणि वरचे तेल परत पुसून घे, नाहीतर धूळ चिकटते. पुढचे चाक उचलून फिरव. ते डुलत असेल तर तारा आवळून घे. घंटी आहे, ती वाजव. कोल्हापुरात कोणी आपणहून बाजूला होत नाही.

नाजिया, तू हे वाचून रागावशील. कलम पाच वाचल्यावर आणखी रागावशील. तो राग माझ्यावर काढ, सायकलीवर नको.

कलम ४. शेजारचे किराणा दुकानदार गणपतराव माने. मीरासाब गेल्यावर मी दुकान उघडले, तेव्हा ते चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "बाईच्या हातानं आवळलेला नट हाय, गल्लीच्या टोकाला जाऊस्तोवर सुटतोय बघा." हे मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून मी नियम केला, की दुकानातून कोणतीही सायकल बाहेर पडण्याआधी प्रत्येक नटाला शेवटचा पीळ मी स्वतः देणार. गिऱ्हाइके त्याला 'मालकिणीचा पीळ' म्हणू लागली. मला त्याचा फार अभिमान होता. गणपतरावांना त्यांच्या बोलण्याबद्दल काहीही देऊ नये. मात्र माझे बाळंतपण, आजारपण आणि पुराचे पाणी, तिन्ही वेळा त्यांच्या घरून डबा आला, त्याबद्दल दुकानासमोरचे लाकडी बाकडे त्यांना द्यावे. तसेही सकाळपासून तेच त्यावर बसलेले असतात.

कलम ५. माझे दुकान, जागेसह, तसेच सर्व पाने, पंप, तारा आवळायची चावी व मीरासाब यांची हातोडी, हे सर्व ~~माझ्या पश्चात~~ येत्या सोमवारपासून केरबा गुंडू खोत, राहणार कोडोली, तालुका पन्हाळा, यांना द्यावे.

केरबा मीरासाब यांच्या हाताखाली कामाला होता. ते गेल्यावर मला हातात पाना धरायला त्याने शिकवले. वीस वर्षे आम्ही एका दुकानात राबलो. मी मालकीण होते, पण उस्ताद तो होता. सायकलीतले बाकी सगळे आटे एका बाजूने आवळतात, फक्त डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ही पहिली गोष्ट त्याने मला शिकवली. बाकी सगळे ज्या बाजूला फिरवून आवळते, त्या बाजूला डावे पायडल सुटते.

२०१६ सालच्या जून महिन्यात मेहकची सायकल दुकानात होती. केरबाने पायडले नवी बसवली. मग मागच्या चाकाचे काम करायला सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली. मेहकला क्लासला उशीर होत होता, नाजिया दारात ओरडत होती. मी पाना घेतला आणि नेहमीप्रमाणे शेवटचा पीळ द्यायला गेले. उजव्या हाताच्या पायडलाला पाना लावला. ते फिरले. मला वाटले, केरबाने सैलच ठेवले आहे. म्हणून आणखी फिरवले. आणखी फिरले. मी मनात त्याला शिवी दिली आणि सायकल सरळ करून मेहकच्या हातात दिली.

उड्डाणपुलाच्या उतारावर ते पायडल निखळले. डावे पायडल.

दवाखान्यातून परत आल्यावर मी भर रस्त्यावर, दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर, केरबाला नाही नाही ते बोलले. पायडल सैल होते हे मी माझ्या हाताने बघितले आहे, असे सांगितले. तो एवढेच म्हणाला, "भाभी, मी आवळलंतं की." मी त्याला दुकानाची पायरी परत चढू नको म्हणून सांगितले. वीस वर्षे बरोबर राबलेला माणूस पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालत गेला. त्यानंतर उचगावात त्याला कोणी कामाला ठेवले नाही. ज्याच्या हातून मालकिणीच्या नातीचा हात मोडला, त्याला कोण ठेवणार?

गेल्या फेब्रुवारीत एका उलट्या ठेवलेल्या सायकलीला मी पीळ द्यायला गेले, तर पायडल माझ्याच हातात निघून आले. मी खालीच बसले. सायकल उलटी केली की तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. मी डाव्या पायडलाला उजवे समजून फिरवत होते. आणि ते आत जाते आहे की बाहेर येते आहे, हे मी बघितलेच नव्हते, कारण केरबाने सैल ठेवले आहे हे मी आधीच ठरवून टाकले होते.

म्हणून लिहून देते, की केरबाने ते पायडल बरोबर आवळले होते. ते सोडवले मी. मेहकचा हात माझ्या पिळाने मोडला. हे कलम दुकानासमोर, रस्त्यावर, मोठ्याने वाचावे. ज्या आवाजात मी त्याला हाकलले त्या आवाजात वाचावे. तेवढा आवाज काशिफला नाही, म्हणून हे काम गणपतरावांनी करावे.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला थाट नको. गुसल देताना, म्हणजे शेवटची आंघोळ घालताना, बायका माझ्या नखांतले ग्रीस काढायला बघतील. ते एकोणतीस वर्षांत मला निघाले नाही, त्यांनाही निघणार नाही. राहू द्यावे.

कलम ७. कलम सहा लिहून मी थांबले. फेब्रुवारीपासून मी दोन वेळा कोडोलीची एसटी पकडली होती आणि दोन्ही वेळा स्टँडवर उतरून त्याच गाडीने परत आले होते. मेल्यावर माफी मागितली की समोरच्याचे तोंड बघावे लागत नाही, हे मला कळत होते. काल मी तिसऱ्यांदा गेले आणि स्टँडवरून पुढे चालत राहिले.

केरबा दूध डेअरीच्या भिंतीच्या कडेला बसून पंक्चर काढतो. मला बघून उठला आणि बसायला पोते झटकले. मी कागद काढून त्याला कलम पाच वाचून दाखवले. मध्येच त्याने पाणी पुढे केले. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला ठावं हुतं, भाभी."

"कवापासनं?"

"त्याच दिवशी सांजच्याला, तुमी दवाखान्यात असताना. मी पायडल उचलून बघिटलं. आतलं आटं साबूत, टोकाचंच दोन फाटलंतं. म्हंजे कुणीतरी भाईर काढलंतं. आन् शेवटचा पीळ तुमचा असतोय."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलून काय करायचं हुतं? नातीचा हात आपल्या हातानं मोडला म्हणून कळलं असतं, तर तुमी परत पाना धरला असता व्हय? मला बसाय कुठंबी भिंत गावंल. तुमाला मालकाचं दुकान दुसरं कुठं गावतंय?"

मी रडले. रस्त्यावर रडले, याची लाज वाटली नाही. नऊ वर्षे मी ज्या दुकानावर पोट भरले, ते त्याने गप्प राहून मला दिले होते. मी त्याला काय देणार? जे त्याचेच आहे तेवढेच परत करू शकते.

निघताना त्याच्यापुढे एका दूधवाल्याची सायकल उलटी होती. त्याने पाना माझ्यापुढे धरला. "द्या की पीळ. मालकिणीचा." मी आधी सायकल सरळ उभी केली. मग डावे पायडल उलट्या बाजूने आवळले. ते एक केसभरही फिरले नाही.

खाडाखोडीची नोंद. कलम पाचमधील 'माझ्या पश्चात' हे शब्द मी स्वतः खोडले आहेत आणि त्या जागी 'येत्या सोमवारपासून' असे लिहिले आहे. वकीलसाहेब म्हणतात, जिवंतपणी द्यायचे तर त्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत, निराळा कागद करावा लागतो. करू. पण हे शब्द मी इथेच खोडणार. कलम पाच रस्त्यावर वाचायचे कामही गणपतरावांकडून काढून घेतले आहे. सोमवारी सकाळी, दुकान उघडताना, नाजिया आणि मेहक यांच्यासमोर ते मी स्वतः वाचणार आहे.

वरील मजकूर मी लिहिला, मीच परत वाचला, आणि या वेळी दुसऱ्यालाही तपासायला दिला.

सही: सुलतानबी मीरासाब शिकलगार

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. अमरसिंह यशवंत चौगुले, शिक्षक, उचगाव
२. झुंबरबाई दत्तू कांबळे, भाजी विक्री, उचगाव

ठिकाण: उचगाव, सायकल दुकान
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार