शंभरपैकी किती खरं

३ मार्च, सोमवार
पोचलो! आजपासून आपण धुलाई कारखान्यात. आयुष्यातलं पाचवं काम. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे, पण इथं भिंगरी फिरायलाही जागा नाही, नुसत्या चादरी. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या, ढीगच्या ढीग. मी इस्त्रीच्या रुळापाशी. रुळातून चादर गरमागरम बाहेर येते, दोघांनी दोन टोकं धरायची, एकमेकांकडे चालत यायचं, घडी, पुन्हा मागे. माझ्या जोडीला लंबू. दिवसाला चारशे वेळा आम्ही एकमेकांच्या नाकाशी येतो. तो म्हणाला, एवढं तर बायकोसुद्धा जवळ येत नाही. राहायला एकट्याची खोली, खाट, खिडकी, नळाला गरम पाणी. राजा माणूस झालो.

नवी माणसं महिन्याभरात पळतात म्हणून कारखान्यानं एक समुपदेशक बाई ठेवल्यात. सगळे त्यांना ताई म्हणतात. ही वही त्यांनीच दिली, मनातलं लिहीत जा म्हणाल्या. मी म्हटलं चौथीतच शाळेनं माझा नाद सोडला. हसल्या. म्हणाल्या, चुका काढणार नाही.

८ मार्च, शनिवार
जेवणघरात मला हसतात. ताट घेऊन आत शिरलो की मोठ्या टेबलावर खसखस पिकते. तीन दिवस जिन्यात बसून जेवलो. ताईंना सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, छे रे, तुझा भ्रम आहे. तसं काही म्हणाल्या नाहीत. वहीत रेघा मारायला लावल्या. वर विचार लिहायचा. शंभरपैकी किती खरा वाटतो तो आकडा. मग एकीकडे पुरावा, दुसरीकडे उलटा पुरावा. आणि मग प्रत्यक्ष करून बघायचं. मनात आलं म्हणून ते खरंच असतं असं नाही, म्हणाल्या, तपासायचं.
आकडा लिहिला नव्वद.

११ मार्च, मंगळवार
करून बघितलं. ताट घेऊन थेट मोठ्या टेबलावर. हसत होते ते लंबूला! त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नाहीत, म्हणून तो घोड्यासारखा उभ्यानं जेवतो. मला विचारलं, कुठं होतास रे इतके दिवस, आम्हाला वाटलं साहेबाचा जावई, आमच्यात बसत नाही. आकडा वीस. ही वही म्हणजे भारी हत्यार आहे.

१६ मार्च, रविवार
रविवार, म्हणजे आईला फोन. आज आई गोड बोलली. तिथंच माशी शिंकली. माझी आई गोड बोलत नाही. “मेल्या, जिवंत आहेस का” हे तिचं हॅलो. आज म्हणाली, बाळा जेवलास का. एकदाही खोकली नाही. कधी येतोस विचारलं नाही. दोन वर्षं घरी गेलो नाही, एक फोन त्या प्रश्नावाचून गेला नव्हता.
विचार: ही माझी आई नाही. आकडा चाळीस. लिहायला लाज वाटते.

१८ मार्च, मंगळवार
ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, दूर राहणाऱ्याला असं वाटतं, आणि आयासुद्धा बदलतात. मग रेघा. प्रयोग ठरला, फक्त आईला माहीत असेल तेच विचारायचं. उत्तरं आधी वहीत लिहायची, म्हणजे मागून मन पलटी खाणार नाही. लिहितो.
बाबा गेले तेव्हा आई कुठं होती? गिरणीत, दळणाच्या रांगेत.
लहानपणी मी कशाला घाबरायचो? दारामागच्या कोटाला.
माझ्या कुठल्या गुडघ्यावर व्रण आहे? उजव्या.

२३ मार्च, रविवार
तिन्ही बरोबर! फटाफट. आकडा पाच. जिन्यात जाऊन जरा रडलो. कुणी बघितलं नाही, बघणारं आहे कोण. पण आई माझी आहे.

२४ मार्च, सोमवार
अंघोळ करताना लक्ष गेलं. व्रण डाव्या गुडघ्यावर आहे.
डावं-उजवं माझं आधीपासून चुकतं, त्यावरून आईच्या टपल्या खाल्ल्यात. वहीत चुकून उजवा लिहिला. पण आईचं कसं चुकलं? जखम तिनंच बांधली होती.

२६ मार्च, बुधवार
कामात लक्ष नाही. एक आठवलं ते लिहून ठेवतो. मी सहा वर्षांचा असताना आमची लंगडी शेळी विहिरीत पडली. आई दोन दिवस जेवली नव्हती. रविवारी एवढंच विचारीन, आपल्या शेळीचं काय झालं होतं गं? बाकी तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

३० मार्च, रविवार
ती रडली. लंगडी होती बिचारी, म्हणाली. विहिरीत पडली. दोन दिवस घास उतरला नाही, म्हणाली.
आमच्याकडे शेळी नव्हती. कधीच नव्हती. मी या पानावर बनवली. कुणाला बोललो नाही. वही उशीच्या खोळीत असते.

३१ मार्च, सोमवार
ताईंनी पानं वाचली. म्हणाल्या, एका फोनवर ठरवू नकोस, तिसऱ्या माणसाला विचार. माझा मामा आईच्या शेजारीच राहतो. ताईंचा हात वहीवरून पटकन मागे गेला, ते मी बघितलं.

१ एप्रिल, मंगळवार
मामा खुशीत. म्हणाला, भाच्या, सुधारलास की! आता रोज आईला फोन करतोस, भांडत नाहीस, आणि शुक्रवारी येतोयस. आईनं तुझी खाट उन्हात टाकलीय. मी म्हटलं, मामा, मी फक्त रविवारी करतो, मी कुठं येतोय— मामा हसत सुटला. म्हणाला, गाढवा, मामाला एप्रिल फूल करतोस होय. फोन ठेवला.
म्हणजे आई तिथं आहे. खरी. आणि तिच्याशी माझ्या आवाजात कोणी—

३ एप्रिल, गुरुवार
काल खोलीतच बसून होतो. आईला फोन, पाच वेळा. पाचही वेळा तीच, बाळा जेवलास का. मामा उचलत नाही.
आज कामावर गेलो. लंबूच्या हातून चादर सुटली. म्हणाला, तू काल बॅग घेऊन घरी निघालास ना— मीच तुला फाटकापर्यंत सोडलं—
इथून घर दोन दिवस. आता निघालो तरी ते आधी पोचेल. आई दार उघडेल. आनंदानं उघडेल.

४ एप्रिल, शुक्रवार
लिहिणं बंद करणार होतो. पण ते हेच वाचतं. मग इथंच सांगतो. तुला सांगतो. ताईंनी शिकवलं तसं, नीट.
तुझा विचार: मी तिचा मुलगा आहे.
उलटा पुरावा: तुला शेळी आठवते. शेळी नव्हती. तिची शिवी तू कधी खाल्ली नाहीस. जेवढं मी लिहिलं तेवढाच तू. दारातून परत फीर. तिला हात लावू नकोस.
किती खरं वाटतं?

मी आकडा लिहिला नव्हता. खाली शंभर आहे. शाई ओली. अक्षर माझं.
त्याच्याखाली— पुरावा: दोन वर्षं तू आला नाहीस. मी आलो. आई मला धरून बसलीय, सोडत नाही.
त्याच्याखाली— आता तुझा आकडा लिही.

मी तिचा मुलगा आहे. नव्वद.
नाही, नीट. आवाज माझा— तो तिकडे आहे. सत्तर. हाक मारली की ओ देतो तो— तो तिकडे. पन्नास. लंबू ज्याला सोडून आला तो— मामा ज्याच्यावर खूश— तीस— पुराव्याच्या बाजूला काहीतरी लिहायला हवं, एक तरी— आई, तुला आठवतं, आपण दोघं त्या